ऐरणीची जागा

घर विकत घेतलें म्हणजे त्याचा इतिहासहि आपल्या मालकीचा झाला, अशी एक समजूत आपल्या मध्यमवर्गांत रूढ आहे. खरेदीखतावर सही झाली, भिंतींना चुना दिला, उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिलें, कीं त्या दिवसापासून घराचें आयुष्य सुरू झालें असें आपण धरून चालतों. त्यापूर्वी तेथें कोण राहत होतें, कशावर पोट भरीत होतें आणि तेथून कां उठलें, हें विचारण्याची आपणांस गरज वाटत नाहीं. किंबहुना न विचारण्यांतच थोडेंसें सुख असतें. आमच्या घराण्याची आमच्या घराविषयीं चार पिढ्या हीच वृत्ति होती. पुण्याच्या कसबा पेठेंत, तांबट आळीच्या तोंडाशीं, हें दोन मजल्यांचें घर उभें आहे. पणजोबांनीं तें घेतलें, आजोबांनीं मागील सोपा काढला, वडिलांनीं वीज आणि नळ आणला. एवढ्या तीन वाक्यांत त्याचा सर्व इतिहास आम्हांस लहानपणीं पढविण्यांत आला होता. पणजोबांपूर्वी येथें कोणी एक तांबट होता, हें चौथें वाक्य क्वचित् ऐकूं येई. तेंहि मधल्या खोलीची जमीन एकाच ठिकाणीं पुनःपुन्हां कां खचते, याचें कारण पाहुण्यांना सांगतांना.

गेल्या वर्षीं ही स्थिति पालटली. आणि ती कांहीं जिज्ञासेनें पालटली नाहीं. हें घर पाडून त्या जागीं नवी इमारत उठवावी, असें आमच्या भाऊबंदांच्या मनांत आहे. त्यांत गैर असें कांहीं नाहीं. जुन्या पेठांतले वाडे कसे पडत आले हें पुणेकरांस सांगावयास नको. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां नदीकांठचीं मातीचीं घरें एका दिवसांत बसलीं. जीं उभीं राहिलीं त्यांना १९४७ च्या भाडेनियंत्रणाच्या कायद्यानें सावकाश पोखरलें. कारण ज्या घराचें भाडें वाढत नाहीं त्याच्या कौलांवर मालकाचा जीव फार दिवस राहत नाहीं. आमच्याकडे आतां भाडेकरू नाहींत, परंतु तुळयांना वाळवी आहे आणि भावंडांचीं मुलें दूरदेशीं आहेत. तेव्हां बोलणीं सुरू झालीं, आणि बांधकाम करणाऱ्या गृहस्थांच्या वकिलांनीं रीतीप्रमाणें तीस वर्षांच्या मालकीचे कागद मागितले.

तीस वर्षांचे कागद काढावयास आम्ही माळ्यावर चढलों, तों सव्वाशें वर्षांहून जुने कागद हातीं आले. पत्र्याच्या एका पेटींत लाल खारव्याचा रुमाल होता, आणि त्याच्या गांठी इतक्या घट्ट होत्या कीं त्या बांधणाऱ्यानें पुन्हां सोडण्याचा विचारच केलेला नसावा. आंत मुद्रांकाचे कागद, कांहीं पावत्या आणि पणजोबांची एक लांबट हिशेबाची वही. बहुतेक सर्व मोडींत. आमचें मोडीचें ज्ञान आजोबांची सही ओळखण्यापलीकडे जात नाहीं. तेव्हां जुन्या कागदांच्या नादांत उभें आयुष्य घालविलेल्या एका स्नेह्यांस आम्हीं विनंती केली. त्यांनीं पांच रविवार आमच्या ओट्यावर बसून ते सर्व कागद वाचले. वकिलांना हवे होते ते कागद पहिल्या दिवशींच निघाले. पुढचे चार रविवार आम्हीं स्वतःच्या हौसेनें घालविले, आणि आमच्या धाकट्या बंधूंच्या मतें फुकट घालविले.

कागदांकडे वळण्यापूर्वी या आळीविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. शनिवारवाडा १७३२ सालीं पुरा झाला आणि पुणें हें राजकारणाचें केंद्र बनलें. तेव्हां त्या वाड्याच्या आणि त्याच्या भोंवतीं उठलेल्या लहानमोठ्या वाड्यांच्या स्वयंपाकघरांना, देवघरांना आणि न्हाणीघरांना तांब्यापितळेचीं भांडीं लागूं लागलीं. कोकणांतून त्वष्टा कासार मंडळी येऊन येथें स्थायिक झाली, ती पेशवाईच्या या भरभराटीच्या काळांत. १८१८ त पेशवाई गेली. परंतु पाणी तापविणें आणि देवास स्नान घालणें या गोष्टी राज्य बुडाल्यानें थांबत नाहींत, त्यामुळें सरदारांच्या मागून कांहीं तांबट गेले नाहींत. १८८५ सालीं निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या पुणें खंडांत या शहरांतील धंद्यांत तांब्यापितळेच्या कामास मानाचें स्थान दिलेलें आहे. हंडे, कळशा, घंगाळें, तपेलीं, गडू, पंचपात्रें आणि बंब: पुण्याच्या कोणत्याहि जुन्या घरांतला माळा उघडला तर या आळीचें काम सांपडेल.

तें काम कसें चालतें, हें आमच्या दारावरून रोज जातां येतां दिसत असूनहि आम्हीं कधीं नीट पाहिलें नव्हतें. तांबें सुमारें १०८५ अंश सेल्सिअसला वितळतें. परंतु भांडें घडविणाऱ्याला तें वितळवावयाचें नसतें, लालबुंद करून मऊ करावयाचें असतें. लोखंडाची आणि तांब्याची प्रकृति येथें वेगळी पडते. पोलाद तापवून पाण्यांत बुडविलें तर कठीण होतें. तांबें तापवून बुडविलें तरी मऊच राहतें. मात्र थंड तांब्यावर हातोडा पडूं लागला कीं प्रत्येक ठोक्यासरशीं तें ताठर होत जातें, आणि मर्यादेबाहेर ठोकलें तर चिरतें. म्हणून ठोकावयाचें, तापवावयाचें, पुन्हां ठोकावयाचें. भट्टींतून निघालेल्या पत्र्यावर काळा थर येतो. तो आंबट पाण्यानें किंवा आम्लानें काढावयाचा. सांधा असेल तेथें टाकणखार घालून डाख द्यावयाचा. आणि सर्वांत शेवटीं मठारकाम: गुळगुळीत तोंडाच्या हातोड्यानें, एकास एक लागून, ओळीनें बारीक ठोके उठवीत सबंध भांडें फिरवावयाचें. आपण त्या चकचकीत ठिपक्यांना नक्षी समजतों. ती नक्षी आहेच. परंतु भांड्याचें बळहि तेंच आहे. मऊ झालेला पत्रा त्या शेवटच्या ठोक्यांनीं ताठ होतो, म्हणून तर दोन पिढ्या पाणी वाहून हंडा पोंचत नाहीं.

आतां कागद. सर्वांत जुना कागद कर्जरोखा आहे. आमच्या घराचा जो मूळचा धनी, त्या तांबटानें भांड्यांच्या एका व्यापाऱ्याकडून पैसे घेतलेले नाहींत. तांब्याचा पत्रा घेतलेला आहे. ही गोष्ट सहज नजरेआड होण्यासारखी आहे, पण सारें मर्म तींत आहे. १८६३ सालीं बोरघाट चढून आगगाडी मुंबईहून थेट पुण्यास येऊं लागली, आणि विलायतेंत यंत्रावर लाटलेला तयार पत्रा घाऊक घेऊन येणें सोपें झालें. पूर्वी कारागीर मोड वितळवी, लगड ठोकून तिचा पत्रा करी आणि मग भांड्यास हात घाली. तयार पत्र्यानें त्याचे अर्धे कष्ट वांचविले. परंतु पत्रा एकदम घेण्यास भांडवल लागतें, आणि तें आळींत नव्हतें, बाजारांत होतें. व्यापाऱ्यानें पत्रा तोलून द्यावा, भांडीं तोलून घ्यावीं, घट ठरल्याहून जास्त आली तर ती कारागिराच्या नांवें मांडावी, आणि मजुरी वजनावर द्यावी, अशी रीति पडली. ज्या यंत्रानें हाताचे कष्ट हलके केले, त्यानेंच हात दुसऱ्याच्या ताब्यांत दिला, असें आमचें मत आहे. अर्थशास्त्राचे जाणकार याहून सूक्ष्म कांहीं सांगतील. आम्हांपुढें जो रोखा आहे तो तरी हेंच सांगतो.

रोख्यामागून गहाणखत आलें. त्यांत चतुःसीमा आहेत, ओटा, माजघर, माडी, परसांतील न्हाणीची जागा यांचा तपशील आहे, आणि नंतर "भट्टी व ठोकावयाची जागा" असे शब्द आहेत. पुढें फिर्याद, हुकूमनामा, आणि अखेर कोर्टाच्या लिलावाचा दाखला. खरेदीदार तोच व्यापारी.

येथें आमच्या स्नेह्यांनीं चष्मा काढून ठेवला आणि आम्हांस कायद्याचा एक धडा दिला, तो वाचकांपुढें ठेवल्यावांचून राहवत नाहीं. १८७५ च्या मे महिन्यांत सुप्यास दंगा उसळला आणि पुणें व नगर जिल्ह्यांत पसरला; शेतकऱ्यांनीं सावकारांच्या वह्या व रोखे जाळले. सरकार चपापलें, चौकशी झाली, आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. व्याज तपासण्याचा, हप्ते बांधून देण्याचा अधिकार न्यायाधीशांस मिळाला. परंतु हें सर्व शेतकऱ्यासाठीं. ज्याचें पोट मुख्यतः शेतीवर चालतें तो शेतकरी, अशी व्याख्या होती. ठोकावयाच्या जागेवर पोट भरणारा तिच्यांत बसत नव्हता. मग त्याला कांहींच आधार नव्हता काय? होता. १८८२ च्या दिवाणी कामाच्या कायद्यांत जप्तींतून सोडावयाच्या वस्तूंची यादी आहे. तींत शेतकऱ्याचीं अवजारें व गुरें आहेत, त्याच्या राहत्या घराचें सामानसुमान आहे, आणि कारागिराचीं हत्यारेंहि आहेत. कारागिराचें घर मात्र नाहीं. हातोडा सुटला, ऐरण सुटली, भाता सुटला. ऐरण जेथें रोंवावयाची ती जमीन तेवढी लिलावांत गेली. कायदा करणारांच्या डोळ्यांपुढें कारागीर उभा होता तो खांद्यावर पिशवी टाकून हिंडणारा असावा. तांबटाची भट्टी पिशवींत घालतां येत नाहीं.

लिलावानंतर दोन वर्षांनीं त्या व्यापाऱ्यापासून आमच्या पणजोबांनीं घर घेतलें. ते एका सरकारी कचेरींत कारकून होते, आणि त्यांचें खरेदीखत अगदीं निर्मळ आहे. त्यांनीं कोणाचें कांहीं बुडविलें नाहीं. परंतु खताच्या पोटांत एक भाडेचिठ्ठी घडी करून ठेवलेली आहे, आणि तिनें आमच्या लहानपणींच्या त्या तीन वाक्यांची वाट लावली. घराचा मूळ धनी घर सोडून गेलाच नव्हता. खालची मधली खोली त्यानें दरमहा आठ आणे भाड्यानें पुन्हां घेतली, आणि वहींतील नोंदींवरून पाहतां तो अकरा वर्षें तेथें काम करीत होता. खालीं ठोक्यांचा आवाज आणि वर पणजोबांचा संसार. आमचे आजोबा त्या माडीवर जन्मले. त्यांना पुढें थोडें मोठ्यानें बोलावें लागे, हें आम्हांस आठवतें. व्हेनिस येथील तांबटांची वस्ती पाहून बर्नार्दिनो रामाझ्झिनी नांवाच्या इटालियन वैद्यानें अठराव्या शतकाच्या आरंभींच लिहून ठेवलें आहे कीं, या लोकांचे कान नित्याच्या ठोक्यांनीं जातात. माडीवरच्या बाळाविषयीं त्यानें कांहीं लिहिलेलें नाहीं.

कागद संपल्यावर आम्ही घर वाचूं लागलों. हें वाचन मोडीहून सोपें निघालें, कारण आम्ही त्या अक्षरांवर रोज बसत उठत होतों. मधल्या खोलीची खिडकी जमिनीपासून जेमतेम हातभर उंचीवर आहे. आमच्या घरांतल्या प्रत्येक सुनेनें त्या बसक्या खिडकीस नांवें ठेवलीं. लहान मूल बाहेर पडेल म्हणून तिला निम्मी फळी मारली होती. ती उत्तरेकडे तोंड करून आहे. जो माणूस दिवसभर मांडी घालून काम करतो आणि ज्याला ठोका न् ठोका दिसावा लागतो, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ती आहे, आणि उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा असतो. त्याच खोलीच्या एका भिंतीवर रंग टिकत नाहीं. चुना झाला, डिस्टेंपर झालें, महागांतलें तैलरंगाचें कामहि झालें. वर्षा दोन वर्षांत तांबूसकाळा डाग आंतून वर येतो. भट्टी त्या भिंतीशीं होती. आणि परसांतील नैर्ऋत्येचा कोपरा: तेथें कांहीं उगवत नाहीं. आमच्या आजीनें तेथें तीनदां तुळस लावली आणि तिन्ही वेळां ती गेली; शेवटीं त्या जागेस कसली तरी बाधा आहे असें ठरून तेथें नारळ वाढविण्याची पद्धत पडली. भांडीं खळबळून टाकलेलें आंबट पाणी वर्षानुवर्षें जेथें मुरलें, त्या मातींत तांब्याचे क्षार उतरलेले असणार. आणि तांब्याचे क्षार फार झाले म्हणजे झाडांचीं मुळें जगत नाहींत. आम्ही इतकीं वर्षें त्या धुणावळीच्या पाण्यास नारळ फोडीत होतों.

आतां पणजोबांच्या वहीकडे येतों. ही वही म्हणजे एका काटकसरी, नेमस्त आणि सर्वथा प्रामाणिक माणसाचें चित्र आहे. दिवाबत्तीचें तेल, मुलाची फी, न्हाव्याचे दोन आणे, काशीयात्रेसाठीं बाजूस काढलेला रुपया, सर्व कांहीं तींत आहे. भाड्याच्या पानावर दर महिन्यास आठ आणे जमा होत जातात, मग सात महिने पान कोरें आहे, आणि त्याखालीं एक नोंद आहे: "बंब तांब्याचा एक, वजन पक्के शेर अकरा. तांबें घरचें. मजुरी भाड्यांत वजा. बाकी नाहीं."

हा बंब आम्हीं पाहिलेला आहे. पाहिलेला कसला, त्यानें तापविलेल्या पाण्यानें आमचीं लहानपणींचीं सगळीं दिवाळीचीं अभ्यंगस्नानें झालीं. त्याच्या पोटांतील नळकांड्यांत कोळसे धगधगत असत, वरून गार पाणी ओतलें कीं तोटींतून कढत पाणी येई, आणि आजी म्हणे, हा माझ्या सासऱ्यांनीं माझ्या लग्नांत घडवून घेतला. घडवून घेतला हें खरें. सात महिन्यांचें भाडें म्हणजे छप्पन्न आणे. अकरा शेरांवर वांटले तर मजुरी शेरास पांच आणे पडली आणि वर एक आणा राहिला. आम्ही येथेंच थांबलों असतों. परंतु त्याच वर्षाच्या दुसऱ्या पानावर, आळींतल्या दुसऱ्या एका तांबटाकडून करविलेल्या हंड्याची मजुरी पणजोबांनीं शेरास आठ आणे दिल्याचें लिहिलें आहे. हंड्याहून बंबाचें काम अधिक किचकट असतें. आंतलें नळकांडें, बाहेरचें अंग, तोटी आणि झांकण यांचे सांधे पाणी न गळतां बसवावे लागतात. दोन्ही नोंदी एकाच वळणदार अक्षरांत आहेत. लिहिणारास त्यांत विसंगति दिसली असेल असें वाटत नाहीं, आणि दिसली असती तर त्या नेमस्त माणसानें ती लिहून ठेवली नसती असेंहि वाटत नाहीं.

त्या तांबटाचे नातू आमच्यापासून पांच घरें पलीकडे राहतात. ऐंशीच्या घरांत आले आहेत. आळींत हातानें ठोकणारीं घरें आतां थोडीं उरलीं. स्टेनलेस स्टील आलें तेव्हां हंडे कळशा गेल्या, विजेचे आणि गॅसचे गीझर आले तेव्हां बंब गेला. अलीकडे तांब्यांतलें पाणी प्रकृतीस चांगलें म्हणून शहरांतली मंडळी पुन्हां मठारलेले लोटे मागूं लागली आहेत, तेवढ्यावर हात चालता आहे. आम्ही त्यांना लहानपणापासून तात्या म्हणतों आणि ते आम्हांस भाऊसाहेब म्हणतात. परंतु आमच्या दोन घरांच्या या नात्याविषयीं आमचें कधीं एक अक्षर बोलणें झालें नव्हतें. बंब दाखविण्याच्या निमित्तानें आम्हीं त्यांना बोलावलें.

तात्यांनीं बंबाभोंवतीं एक फेरी घातली, बोटाच्या पेरानें दोन ठिकाणीं टिचकी मारली, आणि आम्हीं कांहीं सांगण्यापूर्वीच म्हणाले, "हा आमच्या आजोबांचा."

आम्हीं विचारलें, "नांव तर कोठें कोरलेलें नाहीं. कसें ओळखलेंत?"

"ठोका उलटा चालला आहे. आमच्यांत डावरे तेच एक. आमचे वडील सांगत, त्यांच्या शेजारीं कोणी बसत नसे. हातोडा भलत्या बाजूनें येई."

मग आम्हीं त्यांच्यापुढें रुमाल उघडला. लिलावाची हकीकत त्यांना ठाऊक होती, परंतु तिचें त्यांच्या घरांतलें रूप निराळें होतें. त्यांच्या घरीं कर्जाचें नांव निघत नसे, प्लेगाचें निघे. १८९७ सालीं रँडसाहेबाच्या अमलांत गोरे शिपाई घरांत शिरून माणसें तपासूं लागले, सामान बाहेर काढून जाळूं लागले, जमिनी उकरून भिंतींना चुना फांसूं लागले. अर्धे शहर रानांत झोंपड्या घालून राहिलें. ज्या शहरांत कोणी लग्न करीत नाहीं त्या शहरांत हंडा कोण घेणार? भट्टी कित्येक महिने थंड राहिली, आणि घेतलेल्या पत्र्याचें व्याज मात्र थंड झालें नाहीं. तात्यांच्या आजोबांची पहिली बायको त्याच सालीं गेली. आमच्या कागदांत यांतलें कांहीं नाहीं. कागदांत मुद्दल आहे, व्याज आहे, आणि प्रतिवादी हजर नाहीं, असा शेरा आहे.

शेरास पांच आण्यांची गोष्ट आम्हीं त्यांना वाचून दाखविली. न दाखवितां आली असती. तात्या हंसले, आणि म्हणाले, "भाडें तुंबल्यावर भाव कोण करणार, भाऊसाहेब? वजन बरोबर लिहिलें आहे ना?"

वजन बरोबर होतें. त्यांनीं स्वतः बंब उचलून पाहिला आणि अदमासानें सांगितलें. पुढें तराजूवर फार फरक पडला नाहीं.

खचणारी जागा पाहण्याची त्यांचीच इच्छा. चार शहाबादी फरशा काढल्या. खालीं काळी, जळकट माती लागली, आणि हातभर खोलीवर बाभळीच्या ओंडक्याचा कुजलेला बुंधा. अशा ओंडक्यांत लोखंडी पहार तिरपी रोंवून तिच्या टोंकावर भांडें उपडें घालावयाचें आणि ठोकावयाचें असतें; ओंडका जमिनींत पुरलेला, कारण प्रत्येक ठोका अखेर जमिनीनें सोसावयाचा. वर्षानुवर्षें कुजत असल्यामुळें तो पोकळ झाला होता, आणि फरशी त्या पोकळींत उतरत होती. तात्या ओंडक्याच्या मागें, भिंतीकडे पाठ करून, मांडी घालून बसले. खिडकी त्यांच्या उजव्या हातास आली. त्यांनीं उजवा हात उचलला तसा त्याची सावली बरोबर ओंडक्यावर पडली. मग त्यांनीं डावा उचलला. सावली मागें भिंतीकडे गेली आणि ओंडका उजेडांत राहिला.

"त्यांनीं स्वतःपुरती जागा बांधली होती," ते म्हणाले. "दुसऱ्या कोणाला येथें काम करतां आलें नसतें."

उठतांना त्यांनीं आम्हांस एवढेंच सांगितलें कीं, घर पाडाल तेव्हां या खोलीची माती गाडींत भरून फेंकूं नका. धुवून घेतली तर तिच्यांत तांबें निघेल. सोनारांच्या दुकानांतली माती झारेकरी धुतात तशीच हीहि धुतां येते. किती निघेल असें आम्हीं विचारलें, तर ते म्हणाले, मजुरी सुटेल.

भाऊबंदांची बैठक पुढील महिन्यांत आहे. नव्या इमारतीच्या नकाशांत मधल्या खोलीच्या जागीं मोटारी उभ्या करण्याची सोय दाखविली आहे. वकिलांनीं आमचे तीस वर्षांचे कागद तपासून निर्वेध असल्याचा दाखला दिला. बाकीचे त्यांनीं न उघडतां परत पाठविले. ते आम्हीं पुन्हां खारव्याच्या रुमालांत बांधले आहेत, गांठ मात्र सैल ठेवली आहे. घर पाडूं नये असें म्हणावयास आमच्यापाशीं भावंडांना पटेल असें एकहि कारण नाहीं, आणि वाळवी लागलेल्या तुळईखालीं नातवंडांना निजवावें असें आमचेंहि मत नाहीं. ओंडका मात्र काढून माडीवर आणून ठेवला आहे. त्याला वास येतो अशी घरांत तक्रार आहे.

बंबाच्या तोटीचा सांधा सुटला होता, तो तात्यांकडे डाख लावण्यास दिला. त्यांनीं दोन दिवसांत करून दिला, आणि बुडाशीं जेथें पत्रा पातळ झाला होता तेथें नवें ठिगळ देऊन तें मठारलें; उजव्या हाताचें मठारकाम असल्यामुळें तेवढ्या जागेच्या ओळी बाकीच्या अंगाला आडव्या जातात. मजुरी किती म्हणून विचारलें. त्यांनीं ठिगळाचें वजन सांगितलें, आळींतला आजचा दर सांगितला, आणि डाखाचे निराळे सांगितले. आम्हीं ते तेवढेच दिले, आणि पणजोबांच्या वहींत त्या नोंदीच्या खालीं जागा होती तेथें दरासकट लिहून ठेवले.